बांधावरचे दोन निवडुंग आणि झाडांचा पत्ता

प्रश्न माण तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचा आहे. त्यांच्या बांधावर दोन प्रकारचे निवडुंग आहेत, एक चपट्या फड्यांचा आणि दुसरा तीन धारांच्या खांबांचा. मुलीच्या पुस्तकात निवडुंग म्हणजे वाळवंटी झाड असं दिलंय. शाळेतले गुरुजी म्हणाले, निवडुंग मूळचा अमेरिकेचा. "आमचं गाव दुष्काळी खरं, पण वाळवंट नाही, आणि अमेरिका तर नाहीच नाही. मग जगात कुठलं झाड कुठे उगवायचं हे ठरतं कशावर? हवामानावरच ना? आणि यातला परदेशी तो उपटून टाकू का?"

गुरुजी अर्धे बरोबर आहेत, पुस्तक पाव बरोबर आहे, आणि तुमच्या प्रश्नातला "हवामानावरच" मधला "च" चुकला आहे. तो काढायला जरा वेळ लागेल. माझ्या स्वतःच्या डोक्यातून तो निघायला पाच-सहा वर्षं लागली होती. गेली चौतीस वर्षं मी झाडं गोळा करायची, दाबून वाळवायची, कागदावर चिकटवायची आणि त्यांना नावं लावायची असं काम करतो. त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: कुठे सापडलं, कधी, किती उंचीवर. झाडाच्या नावाबद्दल मतं बदलतात, पण चिठ्ठीवरचं ठिकाण नीट लिहिलेलं असेल तर ते शंभर वर्षांनीही उपयोगी पडतं.

आधी बांधावर जा. दोन्ही निवडुंगांना विळ्याने छोटा छेद द्या, चेहरा लांब ठेवून. फड्यातून पाणचट, बुळबुळीत रस येईल. तीनधारीतून पांढराशुभ्र चीक येईल, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. मग काटे बघा. फड्याचे काटे एकेका लवदार ठिपक्यातून झुबक्याने निघतात, आणि त्याच ठिपक्यात बारीक कुसं असतात, जी बोटात घुसली की दोन दिवस छळतात. तीनधारीचे काटे धारेवर जोडीजोडीने बसलेले असतात. फड्या हा कॅक्टसच्या कुळातला, अमेरिकेतून आलेला. तीनधारी एरंडाच्या कुळातला, म्हणजे युफोर्बिया, आणि इथलाच. मराठीने दोघांना एकच नाव दिलं, कारण कुंपण घालणाऱ्याला दोघांत फरक करायची गरज नव्हती.

कॅक्टसच्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत आणि झाडून साऱ्या मूळच्या अमेरिकेतल्या. कॅनडापासून पार पातागोनियापर्यंत पसरलेल्या. याला एकच अपवाद, ऱ्हिप्सालिस नावाची झाडांवर लोंबणारी एक बारीक वेल, जी आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही आपली आपण वाढते. तिची फळं आपल्या बांडगुळासारखी, छोटी, पांढरी आणि चिकट. पक्ष्याच्या चोचीला किंवा पोटात चिकटून एखादं बी समुद्रापार गेलं असावं, असं बहुतेकांना वाटतं. बाकीच्या जातींना हे जमलं नाही.

आता विचार करा. सहारा आहे, अरबस्तान आहे, थर आहे, नामिब आहे. कॅक्टसला साजेशी जमीन जुन्या जगात ढिगाने पडली होती. तरी तिथे कॅक्टस नव्हते. कारण साधं आहे. हे कूळ दक्षिण अमेरिकेत जन्माला आलं ते साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी. तोवर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका वेगळ्या होऊन सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीपासून मध्ये अटलांटिक पसरलेला होता. घर बांधायला जागा होती, जायला वाट नव्हती. आफ्रिकेतल्या कोरड्या जागा मग एरंडाच्या कुळातल्या मंडळींनी व्यापल्या. पानं टाकून दिली, खोड हिरवं आणि मांसल केलं, रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडायची सवय लावून घेतली. म्हणजे कॅक्टसने जे केलं तेच, पण त्याला न विचारता. आफ्रिकेतल्या काही युफोर्बिया इतक्या हुबेहूब कॅक्टससारख्या दिसतात की फूल आल्याशिवाय नवखा माणूस फसतोच.

आणि कॅक्टसला इथलं हवामान मानवतं की नाही, याचा पुरावा तुमच्या बांधावरच उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता. तो कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळतो आणि तो किडा फड्या निवडुंगावर पोसला जातो. १७९५ मध्ये हिंदुस्थानात किडा आणला, तो निघाला भलत्याच जातीचा. रंग बेताचा, पण फड्याची एक जात त्याने खाऊन फस्त केली. ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडलं. तिथे फड्या असा माजला की १९२५ च्या सुमारास जवळपास २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन त्याच्याखाली गेली होती. सबंध महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणून १९२६ पासून सोडली. त्याच्या अळ्यांनी सहा-सात वर्षांत रान मोकळं केलं. क्वीन्सलँडमध्ये बूनार्गा नावाच्या गावात लोकांनी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं आहे. किड्याचं स्मारक जगात फार ठिकाणी नसेल.

या एका गोष्टीत तुमच्या प्रश्नाचा गाभा आला. झाड एखाद्या जागी का आहे, किंवा का नाही, हे विचारताना पहिला प्रश्न "इथे जगेल का?" असा नसतो. "इथे कधी पोहोचलं होतं का?" हा पहिला प्रश्न. जगण्याचा प्रश्न दुसरा. आणि पोहोचलं, जगलं, तरी शेजारपाजाऱ्यांनी टिकू दिलं का, हा तिसरा. बहुतेक पुस्तकं दुसऱ्यापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात, कारण तापमान आणि पाऊस नकाशात रंगवता येतात.

पाइनचं बघा. पाइनच्या शंभरावर जाती, सगळ्या उत्तर गोलार्धात. विषुववृत्त ओलांडून नैसर्गिकरीत्या खाली उतरलेली एकच, सुमात्रातली. दक्षिण गोलार्धात पाइनला थंडी मिळत नाही म्हणावं, तर न्यूझीलंडमधली लागवडीची जंगलं नव्वद टक्के एकाच पाइनची आहेत. आणि हा पाइन त्याच्या माहेरी कुठे आहे? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन ठिकाणी आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर, बस्स. घरी कोपऱ्यात पडलेला पोरगा परगावी जाऊन जहागीरदार झाला. मजा म्हणजे दक्षिणेत पाइन लावायचे सुरुवातीचे प्रयत्न बऱ्याच ठिकाणी फसले होते. रोपं पिवळी पडून खुरटायची. पाइनच्या मुळांशी एक बुरशी राहते, तिच्याशिवाय त्याला जमिनीतलं अन्न नीट घेता येत नाही. पाइनच्या जंगलातली मूठभर माती आणून घातली आणि रोपं उठली. हे तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण, शेजाऱ्यांचं.

शेजाऱ्यांवरून व्हॅनिला आठवला. मेक्सिकोतलं हे ऑर्किड हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेलं. वेल माजला, फुलं आली, पण शेंग धरेना, कारण त्याचं परागण करणारे कीटक मेक्सिकोतच राहिले होते. १८४१ मध्ये एदमाँ आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती शोधली. आजही जगातला जवळजवळ सगळा व्हॅनिला याच रीतीने हाताने फळतो. नकाशावर रियुनियनमध्ये व्हॅनिला दाखवायचा का? माझ्या मते नाही. माणसाचा हात काढला की दोन पिढ्यांत तो संपेल.

हवामानाला मी कमी लेखतोय असं वाटेल. तसं नाही. हवामान काय करतं ते बघायला तुम्हाला जग फिरायची गरज नाही, एक दिवस आणि एक एसटी पुरे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटच्या खाडीवर सकाळी उभे राहा आणि नदीच्या उगमाकडे निघा: महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर. मग पाचगणीवरून पसरणीच्या घाटाने वाईला उतरा.

खाडीत तिवर आणि कांदळ. यांची जात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत तीच ती. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि सुटून पडलं की महिनोन्‌महिने तरंगतं. कांदळाला समुद्र हा रस्ताच वाटतो. किनाऱ्यावरच्या उंडीचंही तसंच, तिची गोल फळं लाटांवर हजारो मैल जातात. वर पोलादपूरकडे आलात की रातांबा, किंजळ, आईन. घाट चढून महाबळेश्वर गाठलंत की अंजनी, जांभूळ, पिसा, सगळी सदाहरित पण बुटकी, वाऱ्याने माथा कातरल्यासारखी. आणि वाईला उतरलात की बाभूळ, हिवर, बोर, खैर.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. एवढं सगळे सांगतात. पण एक प्रश्न फार जण विचारत नाहीत. एवढा पाऊस पडूनही महाबळेश्वरला केरळसारखं दीडशे फुटी झाडांचं वर्षावन का नाही? कारण इथे सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि मग सात-आठ महिने थेंब नाही. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या पास्कल यांनी सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांचा अभ्यास केला, त्यातून हे लख्ख दिसलं: दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना झाडांच्या जाती गळत जातात त्या पावसाच्या बेरजेमुळे नव्हे, कोरड्या महिन्यांच्या संख्येमुळे. घागरभर पाणी एकदम पाजून माणूस आठ दिवस चालत नाही, झाडाचंही तसंच.

आता याच रस्त्याकडे पहिल्या प्रश्नाच्या नजरेने बघा. पश्चिम उताराची मंडळी कुणाची नातेवाईक? रातांब्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे मलेशियाकडचा मँगोस्टीन. जांभळाच्या भाऊबंदांच्या बाराशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांचा मोठा गोतावळा मलाया, बोर्निओ, न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. पूर्वेकडची बाभूळ मात्र सेनेगल आणि इजिप्तपासून इथवर एकाच जातीची. बोर, खैर, हिवर यांची उठबस आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या रानांशी. पाचगणीच्या अलीकडे तुम्ही आग्नेय आशियात असता आणि पसरणीचा घाट उतरलात की आफ्रिकेत. मी विद्यार्थ्यांना हे सांगतो तेव्हा ते हसतात, मग दुसऱ्या दिवशी यादी करून आणतात आणि हसणं थांबतं.

याचा सगळ्यात सोपा नमुना तुमच्या उकिरड्यावर असेल: रुई. आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत. एकीची कळी गोलसर, फुलाच्या पाकळ्यांची टोकं गर्द जांभळी आणि वर उभारलेली. ती पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण करत भारतात येते. दुसरीचं फूल मोठं, फिकट जांभळं किंवा पांढरं, पाकळ्या मागे वळलेल्या. ती भारतातून पूर्वेला मलेशिया, चीनपर्यंत जाते. दोघींची गाठ पडते ती आपल्या देशात. मारुतीला कुठलीही चालते, म्हणून आपण कधी बघितलं नाही.

इथे कुणीतरी हात वर करून "गोंडवन!" म्हणणार, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकेकाळी जोडलेले होते तो महाखंड, हे मला अनुभवाने माहीत आहे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय आपल्या मातीतला आहे आणि त्याचा गैरवापरही सगळ्यात जास्त होतो.

नागपूरजवळ कामठीच्या वाळूच्या दगडात एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने पानांचे ठसे गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाचं जिभेच्या आकाराचं पान होतं. तेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडलं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सोळा किलो दगड होते. मरायला टेकले तरी त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते याचा तो मोठा पुरावा ठरला, आणि त्या महाखंडाला नाव मिळालं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

इथवर सगळं ठीक. घोळ पुढे होतो. सह्याद्रीतलं कुठलंही झाड मादागास्करच्या झाडासारखं दिसलं की लोक गोंडवनाचा हवाला देऊन मोकळे होतात. मीही झालो होतो. कास, पाचगणीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यातल्या उथळ पाण्यात वायतुरा उगवतो. त्याचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. साताऱ्याच्या आसपासच्या सड्यांखेरीज तो जगात इतरत्र जवळपास नाहीच. शास्त्रात त्याची नोंद झाली १९८२ मध्ये. आपल्याकडच्या या गटातल्या बहुतेक जातींचा तुरा एकेरी असतो, तर आफ्रिका-मादागास्करकडच्या जातींत दुभंगलेला तुरा नेहमीचा. मी चोवीस वर्षांचा होतो. चर्चासत्रात ठासून सांगितलं की हा मादागास्करपासून भारत सुटला तेव्हाचा अवशेष. सर शांतपणे म्हणाले, "फुलोरा बघून खंड हलवू नका. आधी वय विचारा."

वय विचारायचं म्हणजे असं. ग्लॉसोप्टेरिसचा काळ पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. फुलझाडांचा खरा फुलोरा त्यानंतर कितीतरी उशिराचा. भारत मादागास्करपासून सुटला साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी. मग सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्याखाली इथलं कितीतरी गाडलं गेलं असणार. सड्यावरचा जांभा तर त्या लाव्हाच्या माथ्यावर नंतर बनलेला. म्हणजे वायतुऱ्याचे पूर्वज कुठूनही आले असोत, आजच्या घरात ते लाव्हाच्या नंतरच राहायला आले. दोन झाडांच्या वाटा ज्या काळी फुटल्या तो काळ खंड फुटण्याच्या काळाशी जुळला, तरच गोंडवनाचं नाव घ्यावं. जनुकांवरून हे काळ आता काढता येतात, आणि जिथे काढले तिथे बऱ्याचदा झाडं तरुण निघतात. खंड सुटल्यावर ती समुद्र ओलांडून गेली, असाच त्याचा अर्थ.

गोरखचिंच हे त्याचं ठळक उदाहरण. जगात तिच्या आठ जाती: सहा मादागास्करात, एक आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात. नकाशा बघितला तर गोंडवनच वाटतं. पण या कुटुंबाचं वय त्या मानाने फारच कमी आहे, तेव्हा ऑस्ट्रेलियात तिचं फळ तरंगत गेलं हाच मार्ग उरतो. मुंबईत, कोकणपट्टीत आणि मांडूला जे अजस्र बुंधे दिसतात, ते मात्र आफ्रिकेतून माणसांनी, व्यापाराच्या गलबतांतून आणलेले.

समुद्र ओलांडणं अशक्य वाटतं ना? डार्विनलाही पडताळून बघावंसं वाटलं. त्याने ८७ प्रकारचं बी खाऱ्या पाण्यात ठेवलं, २८ दिवसांनी काढून पेरलं, आणि त्यातलं ६४ प्रकारचं रुजलं. काही तर १३७ दिवसांनंतरही. शिवाय काळ लक्षात घ्या. हवाई बेटं कुठल्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, समुद्रातून ज्वालामुखीने वर आलेली, कधीच कशाला न जोडलेली. तिथे हजारभर देशी फुलझाडं आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. ती सगळी दोन-तीनशे पूर्वजांची वंशावळ. लाखो वर्षांतून एखाद्या पक्ष्याच्या पिसाला एक बी चिकटलं तरी पुरतं.

जाण्यासारखंच मागे राहणंही असतं. अमेरिकेत न्यू जर्सी किंवा कॅरोलायनात राहणारी आपली मंडळी मॅग्नोलियाचा फोटो पाठवून विचारतात, "हा सोनचाफ्याचा कुणी लागतो का?" लागतो. एकाच कुळातला आहे. हे कूळ पूर्व आणि दक्षिण आशियात आहे, अमेरिकेच्या पूर्व भागात आहे आणि मधल्या युरोपात नाही. जपान आणि पूर्व अमेरिकेतलं हे साम्य आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच मांडलं होतं. युरोपात मॅग्नोलियाचे जीवाश्म मिळतात, म्हणजे तिथे तो होता. हिमयुगं आली तेव्हा अमेरिकेतली आणि चीनमधली झाडं दक्षिणेला सरकली. युरोपात आल्प्स आणि पिरेनीज आडवे पसरलेले आहेत, खाली भूमध्य समुद्र. पळायला वाट कमी, तिथे बरंच काही संपलं. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून क्षेत्रफळ जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढं, पण देशी फुलझाडं पंधराशेच्या घरात, कारण बराचसा भाग परवापरवापर्यंत बर्फाखाली होता. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेच्या केप टोकाला, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेत, नऊ हजार जाती, त्यातल्या सत्तर टक्के फक्त तिथल्याच. तिथलं हवामान फार काळ फारसं उलटंपालटं झालं नाही. विषुववृत्ताकडे झाडांची विविधता का वाढते यावर मात्र शंभर वर्षं भांडण चालू आहे. त्यात मी पडत नाही.

जमिनीबद्दल एवढंच सांगतो की ती हवामानाचा शब्द खाली पाडू शकते. मध्य प्रदेशात पचमढीला वालुकाश्मावर साल उभा आहे आणि शेजारच्या काळ्या दगडावर साग. पाऊस तोच, ऊन तेच. कासच्या सड्यावर बोटभर मातीत गेंद, कवला आणि सीतेची आसवं फुललेली असतात, आणि सडा संपून उतार लागला की दहा पावलांवर कारवीचं रान. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही रोपं किडे पकडून खातात, कारण त्या मातीत नायट्रोजन मिळत नाही.

आता नकाशांबद्दल. १८०२ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट इक्वाडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढला. कुठल्या उंचीला कुठली झाडं हे त्याने एका चित्रात मांडलं आणि १८०७ मध्ये ते छापलं. वनस्पतींच्या भूगोलाची सुरुवात तिथून धरतात. २०१५ मध्ये काही संशोधकांनी त्या चित्राशी आजची स्थिती ताडून सांगितलं की झाडं पाचशे मीटरहून जास्त वर सरकली. मोठी बातमी झाली. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी जुने कागद उघडून दाखवलं की चित्र चिंबोराझोचं असलं, तरी उंचावरच्या झाडांच्या बऱ्याच नोंदी अँटिसाना या वेगळ्याच पर्वतावरच्या होत्या. हिशेब नव्याने केला तर सरकणं दोनशे ते पावणेतीनशे मीटर निघालं. झाडं वर सरकताहेत हे खरंच, पण आकडा निम्म्यावर आला तो केवळ ठिकाण नीट न वाचल्यामुळे.

आमच्याकडेही हेच. वाळवलेल्या नमुन्यांवरून एखाद्या जातीचा नकाशा काढला, तर ठिपके बघून कळतं की झाड कुठे आहे यापेक्षा वनस्पतिशास्त्रज्ञ कुठे गेले होते. महाबळेश्वर, खंडाळा, माथेरान, लोणावळा ठिपक्यांनी भरलेली. साहेब लोक उन्हाळ्यात जिथे जायचे आणि पुढे कॉलेजच्या सहली जिथे जायच्या ती गावं. तुमचा माण तालुका कोरा. तिथे झाडं नाहीत म्हणून कोरा नव्हे. जुन्या गठ्ठ्यांत मला अशा चिठ्ठ्या भेटल्या आहेत ज्यांवर ठिकाण म्हणून नुसतं "दख्खन" लिहिलंय. नमुना सुरेख, फूल-फळ दोन्ही, पण नकाशाला शून्य उपयोग.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. फड्या कुंपणाला असेल आणि बांधातच राहत असेल तर तो उपटायच्या भरीला पडू नका. फक्त छाटलेले तुकडे ओढ्यात किंवा गायरानात टाकू नका, एकेक फडा मूळ धरतो. त्याची लाल फळंही पक्षी खाऊन दूर नेतात, तेव्हा कुंपणाबाहेर नवीन रोप दिसलं की लहान असतानाच काढा. नवीन कुंपण करायचं असेल तर तीनधारीचे खांब लावा. कापलेला भाग आठवडाभर सावलीत सुकवून मग रोवा, म्हणजे कुजणार नाही.

आणि एक काम सांगतो. गावात रुई कुठली आहे ती बघा, गोल कळीची की मागे वळलेल्या पाकळ्यांची, की दोन्ही. एक फुललेली फांदी वर्तमानपत्रात दाबा, चीक हाताला लागेल, नंतर हात धुवा. दोन-तीन दिवस रोज कागद बदला. सोबत चिठ्ठी ठेवा: तारीख, जमीन मुरमाड की काळी, शेजारी आणखी काय उगवलंय. मुलीला लिहू द्या, पोरांचं अक्षर चांगलं असतं. आणि ठिकाणाच्या जागी वाडीचं, ओढ्याचं, शिवाराचं नाव घाला. नुसतं "सातारा जिल्हा" लिहू नका.